मावशी, जरा बाजूला होता का

कोल्हापुरात दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात आमच्या चित्रकारांच्या ग्रुपचं प्रदर्शन लागलं होतं. गिरणीवाल्या मावशी रोज "येतो, येतो" म्हणत होत्या पण गिरणी बंद ठेवून येणं काही जमेना, शेवटी शेवटच्या दिवशी संध्याकाळी सुनेला गिरणीत बसवून आल्या. काठापदराची हिरवी साडी, केसांना तेल, कपाळावर ठसठशीत कुंकू, चेहरा घासून धुतलेला. मी त्यांना इतकी वर्षं बघतेय पण पिठाशिवाय पहिल्यांदाच बघत होते. दारातून सरळ आपल्या चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या. चित्र म्हणजे मी काढलेला त्यांचाच चेहरा, ग्रॅफाइट (पेन्सिलीचं शिसं) आणि थोडा चारकोल (कोळसा), खऱ्या चेहऱ्याच्या दुप्पट-अडीचपट मोठा. मी मुद्दाम जवळ गेले नाही, म्हटलं बघू देत निवांत. तेवढ्यात कॉलेजची पोरं-पोरी आत आली, भिंती बघत बघत या चित्रापाशी थांबली, "हे पेन्सिलने काढलंय? नाही रे, प्रिंट असणार", मग एकाने मोबाईलचा टॉर्च लावून तिरका उजेड टाकून कागद बघितला, पटलं त्याला, आणि फोटो घ्यायला मोबाईल वर केला तर मध्ये मावशी. "मावशी, जरा बाजूला होता का? फोटो घ्यायचाय."

मावशी झाल्या बाजूला.

त्या पोरांबद्दल माझी तक्रार नाही. चांगली होती, नीट बोलली, कागदाला हात लावला नाही. आणि बघितलं तर किती मन लावून! गालावरची छिद्रं बघितली, भुवईचा केस न् केस बघितला, मोबाईलमध्ये झूम करकरून एकमेकांना दाखवलं. आणि ज्या बाईचा तो गाल, ती भुवई, ती दोन हातांवर पदर सावरत उभी होती आणि एकालाही ओळखू आली नाही. नंतर त्यातल्या एका मुलीने मला शोधून काढून विचारलं, "मॅम, किती तास लागले?" हा प्रश्न सगळे विचारतात. पहिला हाच, मग पेन्सिल कुठली वापरता, मग फोटोवरून काढलं की समोर बसवून. ही बाई कोण, असं प्रदर्शनाच्या सगळ्या दिवसांत कुणी विचारलं नाही. चित्राखाली त्यांचं नाव होतं, तरी. (इथे नाव लिहीत नाहीये कारण प्रदर्शनात लावायला त्या हो म्हणाल्या होत्या, नेटवर नको म्हणाल्या.) घरी आल्यावर भाकरी थापताना, आवराआवर करताना, अंथरुणावर पडल्यावर, ते बाजूला होता का काही डोक्यातून जाईना. मावशींना त्याचं काहीच वाटलेलं नव्हतं, मलाच लागून राहिलं होतं.

मावशींचं चित्र काढावंसं वाटलं ते पापण्यांमुळे. गिरणी आमच्या गल्लीच्या तोंडाला, एकच खोली, उजेड फक्त दारातून. पट्ट्याचा आवाज इतका की दळण टाकायला आलेल्या बायका हातवारे करून बोलतात, गव्हाचं की शाळूचं, बारीक की भरड, हे सगळं बोटांनी. नुकत्या पडलेल्या पिठाचा गरम, किंचित करपट वास. मावशी त्या कापडी नळीवर थापट्या मारत पीठ डब्यात पाडत असतात आणि दिवसभरात पीठ त्यांच्यावर बसत जातं, आधी पदरावर, मग हातांच्या लवेवर, मग केसांत, आणि दुपारनंतर पापण्यांवर. एकदा मी डबा घ्यायला गेले तेव्हा त्यांनी वळून दाराकडे बघितलं आणि उजेडात पापणीचा एकेक केस पांढरा होऊन वेगळा दिसला, बुबुळ मात्र काळंभोर, ओलं. मी डबा तिथेच ठेवून घरी पळाले कॅमेरा आणायला. त्या म्हणाल्या, "थांब की, तोंड तरी धुतो." मी म्हटलं नको मावशी, असंच. "असंच? याड लागलंय व्हय तुला?"

फोटो मी लांब, गल्लीत उभं राहून, झूम लेन्सने काढला. जवळून मोबाईलने काढला की नाक फुगतं, कान मागे पळतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणित करून दाखवलं होतं की बारा इंचांवरून घेतलेल्या सेल्फीत नाक जवळपास ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे आपण ज्याला हुबेहूब म्हणतो तो फोटोही कुणीतरी कुठेतरी उभं राहून बघितलेलाच असतो. हे काम करणाऱ्याला हे आधी शिकावं लागतं, नाहीतर भिंगातून बघत बघत माणूस लेन्सची वाकडी नाकं सुद्धा प्रामाणिकपणे कागदावर उतरवत बसतो.

पिठाचं सगळ्यात अवघड काय, तर पेन्सिलीच्या कामात पांढरं लावता येत नाही. म्हणजे पांढरे पेन मिळतात, पांढरा चारकोल मिळतो, पण ते वर बसल्यासारखं दिसतं, चेहऱ्याचं होत नाही. सगळ्यात पांढरा म्हणजे कोरा कागद, आणि तो पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत राखायचा. पापण्यांसाठी मी शाई संपलेली बॉलपेनची रिफिल घेतली आणि शेडिंगच्या आधीच, कोऱ्या कागदावर, प्रत्येक केसाची रेघ नुसती दाबून उमटवली. तेव्हा काहीच दिसत नाही, तिरकं बघितलं तर कागदात बारीक चर दिसतात तेवढेच. मग वरून ग्रॅफाइट फिरवायला लागलं की पेन्सिलीचं टोक त्या चरांवरून उडी मारून जातं, आजूबाजूचं काळं होत जातं आणि चर पांढरेच राहतात. हळूहळू पापणी वर येते. हे बघताना मला दर वेळी अंगावर शहारा येतो, इतकी वर्षं झाली तरी. आपण केस काढलेलाच नसतो, आपण त्याच्याभोवतीचा अंधार काढलेला असतो.

ग्रॅफाइटची दुसरी खोड म्हणजे चमक. जोर देऊन काळं करायला जावं तर ते काळं व्हायच्या ऐवजी चकाकायला लागतं, कारण त्याचे सूक्ष्म पापुद्रे दाबाने सपाट बसतात आणि उजेड परत फेकतात. प्रदर्शनाच्या दिव्याखाली तर काळेभोर केस राखाडी दिसतात. म्हणून बुबुळ, नाकपुडीच्या आतला भाग, केसांच्या मुळाशी असलेला काळोख हे मी चारकोलने करते, चारकोल उजेड गिळतो. पण चारकोल खरखरीत, ग्रॅफाइट गुळगुळीत, दोघांची हद्द जिथे मिळते तिथे सांधा दिसता कामा नये, त्या सांध्यावर एकेक संध्याकाळ जाते. त्यात कोल्हापूरचा पाऊस. जुलैमध्ये कागद दमट होतो, पेन्सिल घसरायच्या ऐवजी ओढल्यासारखी चालते. तळहाताखाली कायम एक कोरा कागद, कारण हाताचं तेल एकदा लागलं की तिथे ग्रॅफाइट डागाडागाने बसतं आणि मग तो डाग कुठल्याच रबराला ऐकत नाही. त्वचेसाठी रेघ ओढायचीच नाही, टोक कागदावर जेमतेम टेकवून छोटी छोटी वर्तुळं, आधी कडक एच पेन्सिल, मग एचबी, मग मऊ, काळी टूबी, एकावर एक थर. मग पुट्टी रबर, म्हणजे कणकेसारखं मळता येणारं रबर, त्याचं टोक काढून त्या राखाडीवर नुसतं टेकवायचं आणि उचलायचं, घासायचं नाही, की तिथे त्वचेवरचा तेलकट उजेड उमटतो. डोळ्याचा पांढरा भाग कधीच पांढरा नसतो हे तर पहिल्या महिन्यात कळतं, वरच्या पापणीची सावली त्याच्यावर पडलेली असते, आणि खालच्या पापणीच्या कडेला जी जाडी असते, ती ओली कड, ती विसरली की डोळा कागदाला चिकटवल्यासारखा दिसतो.

त्या दिवशी पोरं गेल्यावर मी मावशींजवळ गेले. त्यांनी चष्मा लावला होता आणि चित्रातल्या डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ तोंड नेलं होतं. मला म्हणाल्या, "ह्ये आपल्या गिरणीचं दार न्हवं?" होतं. बुबुळात जो उजेडाचा ठिपका असतो तो ठिपका कधीच नसतो, मोठं करून बघितलं तर त्यात समोरचं सगळं असतं. मावशींच्या डोळ्यात दाराची उभी चौकट होती, खालच्या बाजूला दळणाच्या डब्यांची रांग, गोल गोल काळी डोकी. आणि चौकटीच्या मधोमध एक काळी रेघ. "आणि ही कोण?" ती मी, मावशी, कॅमेरा घेऊन. त्या खूप वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "पुढचा डबा पाटलीणबाईचा हाय. त्याला पोचा हाय बग." मी तो पोचा काढताना तो पोचा आहे हे मला माहीत नव्हतं, मी फक्त उजेड वाकडा झालेला काढला होता.

मी तो चेहरा आठवडेच्या आठवडे बघितला होता. ग्रिड आखून, चौकोन चौकोन करून. हायपररिअलिझमवाल्यांवर, म्हणजे आमच्यासारख्या फोटोइतकं हुबेहूब काढणाऱ्यांवर, हाच आरोप होतो ना, की तुम्ही माणूस नाही बघत, चौकोन बघता. खरंच आहे ते. नाकाच्या शेंड्याजवळचा एखादा चौकोन करताना तिथे नाक नसतंच, नुसते राखाडीचे चढउतार असतात, आणि नाक म्हणून काढायला गेलं की हात आपल्या डोक्यातलं नाक काढतो, समोरचं नाही. चक क्लोजचं मला म्हणूनच फार वाटतं. अमेरिकेतला हा चित्रकार, १९६७-६८ मध्ये त्याने स्वतःचा चेहरा नऊ फूट उंचीच्या कॅनव्हासवर काढला, फोटोवर ग्रिड आखून, तोंडातल्या सिगारेटसकट, आणि पुढे आयुष्यभर चेहरेच काढले. या माणसाला चेहरे ओळखता यायचे नाहीत. मेंदूतलीच उणीव, रोजच्या बघण्यातली माणसंही समोर आली की चेहऱ्यावरून कळायची नाहीत. चेहरा सपाट झाला, फोटो झाला, चौकोन झाला की मगच त्याच्या लक्षात राहायचा. म्हणजे आमच्यावर ज्या चौकोनांचा आरोप आहे, तीच त्याची माणसांपर्यंत जायची वाट होती. आणि त्याने आपल्या चित्रांना नावं काय दिली, तर फिल, नॅन्सी, फ्रँक, सुझन. नुसती नावं. फिल म्हणजे संगीतकार फिलिप ग्लास, १९६९ मध्ये हे चित्र झालं तेव्हा तो काही प्रसिद्ध वगैरे नव्हता, मित्र होता. ज्याला चेहरे ओळखता येत नव्हते त्याने प्रत्येक चेहऱ्याला त्याचं नाव लावलं, हे मला फार मोठं वाटतं.

आपल्याकडे काय होतं? कुठल्याही रिअलिस्टिक ड्रॉइंगच्या प्रदर्शनात जा, किंवा इन्स्टाग्राम उघडा, एक तर सिनेमातले स्टार दिसतील, नाहीतर सुरकुतलेली म्हातारी माणसं. फेटेवाला शेतकरी, चिलीम ओढणारा साधू, डोळ्यात पाणी आलेलं पोर, भेगा पडलेल्या तळव्यांची आजी. कारण सरळ आहे, सुरकुती म्हणजे टेक्स्चर आणि टेक्स्चर म्हणजे लोक थांबणार. वीस-बावीस वर्षांच्या मुलीचा स्वच्छ गाल काढणं हे सुरकुत्यांपेक्षा कितीतरी अवघड, तिथे लपायला जागा नसते, पण त्याला कुणी वा म्हणत नाही. आणि या म्हाताऱ्या माणसांच्या चित्रांखाली लिहिलेलं असतं वार्धक्य, प्रतीक्षा, एकाकी, आशा. त्या आजोबांना कुणी विचारलं का की तुम्ही एकाकी आहात का? ते कदाचित नातवाला शाळेतून आणायला निघाले असतील. बाजारात बसलेल्या बाईचा फोटो न विचारता काढायचा, तिच्या कपाळावरच्या आठ्यांवर महिनाभर पेन्सिल झिजवायची, आणि खाली प्रतीक्षा लिहायचं, हे मला पटत नाही. राग येतो मला त्याचा. कौशल्य कमी आहे असं मी म्हणत नाही, नायजेरियाचा चित्रकार अरिंझे स्टॅनली याचं काम बघून मी स्वतः घामाचे थेंब काढायला शिकले, आपल्याकडची विशीतली पोरं तर इतकं सुंदर काम करतात की बघत राहावं. पण रीलमध्ये शेवटी काय येतं, चेहऱ्यावर पेन्सिल आडवी ठेवतात, गालावर किंवा ओठावर, हे खरं नाही चित्र आहे हे सिद्ध करायला. तिथे मला कसंतरी होतं. तोंडावर पेन्सिल ठेवलेली ती बाई कुणाची तरी आई असते.

आईवरून ड्युररचं ते चित्र आठवतं. आल्ब्रेख्ट ड्युरर, जर्मनीतला, पाचशे वर्षांपूर्वीचा. १५१४ च्या मार्चमध्ये त्याने आपल्या आईचं चित्र काढलं, कोळशाने. ६३ वर्षांची बाई, अठरा बाळंतपणं झालेली, गालफडं बसलेली, गळ्याच्या शिरा वर आलेल्या, एक डोळा जरा बाहेरच्या बाजूला वळलेला. काहीही मऊ केलेलं नाही. आणि वर कागदावर त्याने लिहून ठेवलंय, ही आल्ब्रेख्ट ड्युररची आई, वय ६३. मे महिन्यात ती गेली. मग त्याने त्याच कागदावर शाईने ती कधी गेली ते लिहिलं. मी हे चित्र फक्त छापलेलं बघितलंय, मूळ बर्लिनला आहे, पण त्या दोन लिखाणांमधले ते दोन महिने मला त्या कागदावर दिसतात. तरी एक गोष्ट बोचते, बार्बारा हे तिचं नाव त्याने लिहिलं नाही. आल्ब्रेख्ट ड्युररची आई, एवढंच.

आणि आपल्या कोल्हापुरातच केवढी मोठी गोष्ट होती. म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमधलं ते चित्र सगळ्यांना माहीत आहे, हातात समई घेतलेली बाई, बोटांच्या फटीतून उजेड, चेहऱ्यावर उजेड, आणि आपण खोलीतल्या अंधारात उभं राहून खरंच ज्योत पेटलीये का ते बघतो. लोक सर्रास म्हणतात की ते राजा रविवर्म्याचं. रविवर्मा १९०६ मध्ये गेला, हे चित्र त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १९४५-४६ च्या सुमाराचं. सावंतवाडीच्या हळदणकरांचं, सावळाराम लक्ष्मण हळदणकर, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. तेही जलरंगात! जलरंगात पांढरा म्हणजे कागदच, आमच्यासारखंच, त्या ज्योतीच्या जागी त्यांनी कागद किती जपला असेल याचा मी तासन् तास विचार करते. आणि ती बाई म्हणजे त्यांची मुलगी, गीता. लग्नानंतर गीताताई उपळेकर. त्या इथे, आपल्या कोल्हापुरात राहायच्या, वयाची शंभरी ओलांडून २०१८ मध्ये गेल्या. म्हणजे इतकी वर्षं लोक म्हैसूरला जाऊन तिकीट काढून तिच्या बोटांतून येणारा उजेड बघत होते, खरा की खोटा यावर वाद घालत होते, आणि ती इथे आपल्या घरात होती. त्या गेल्या तेव्हा पेपरात आलं आणि मला तेव्हा कळलं. माझ्याच गावात, आणि मी तोवर एकदाही विचारलं नव्हतं की समईवाली ही बाई कोण.

लहानपणी आमच्या ओळखीच्या एका फोटो स्टुडिओत एक रिटचिंग करणारे काका होते. तिरप्या डेस्कवर काच, काचेवर निगेटिव्ह, खालून आरशाने वर फेकलेला उजेड, आणि हातात पॉलिश पेपरवर घासून लांब टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हमध्ये सुरकुती फिकट दिसते, तिच्यावर ग्रॅफाइटचे बारीक ठिपके भरले की छापलेल्या फोटोत सुरकुती नाहीशी होते. तासभर मान खाली घालून ते लोकांची वयं कमी करत बसायचे, देवीचे व्रण घालवायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायचे. तीळ मात्र कधी काढायचे नाहीत. एका नवरीच्या आईने ओठावरचा तीळ काढा म्हणून सांगितलं तर त्यांनी साफ नाही म्हटलं, म्हणाले तीळ काढला तर फोटो कुणाचा म्हणायचा. माझा पेन्सिलीशी पहिला संबंध ड्रॉइंगच्या तासाला नाही, त्या डेस्कशी आला. पुढे एलिमेंटरी, इंटरमिजिएट सगळ्यांसारखं मीही केलं, स्मरणचित्र, संकल्पचित्र, पण चेहऱ्यावर इतक्या जवळून काम करता येतं हे मला त्या काकांनी दाखवलं. ते ग्रॅफाइटने सुरकुत्या मिटवायचे, मी त्याच ग्रॅफाइटने एकेक सुरकुती भरते. दोन्हींत तीळ राहतो.

या सगळ्यात एक जागा मात्र अशी आहे जिथे कुणी मला तास विचारत नाही. ऑर्डरची चित्रं. कोविडनंतर अशा ऑर्डरी खूप यायला लागल्या, अजून येतात. गेलेल्या माणसाचं चित्र पाहिजे असतं आणि फोटो काय असतो, तर आधार कार्डाचा. नाहीतर कुठल्यातरी लग्नातला ग्रुप फोटो, मागच्या रांगेत, अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्याआड. मोठं करायला गेलं की डोळ्याच्या जागी चार-पाच राखाडी चौकोन. फोटोत जे नाहीच ते हुबेहूब काढायचं कसं? मग मी घरी जाते. बहीण आहे का, बहिणीची हनुवटी तशीच होती का, थोरल्या मुलाचे कान वडिलांवर गेलेत ना, मग बस जरा इथे खिडकीपाशी. एकदा एका घरी गेलेल्या आजींच्या धाकट्या बहिणीला बसवून मी नुसते हात आणि कान काढून आणले. चहा येतो, मग माणसं बोलायला लागतात. भांग कुठल्या बाजूला पाडायच्या, यावरून दोन सुनांचं जुंपतं. हसताना डावा डोळा बारीक व्हायचा. नाही, उजवा. अगं आरशातला सांगतेस तू. टोपी जरा कलती असायची, सरळ घातली की तालुक्याला जायचंय हे कळायचं. हे सगळं मी वहीत लिहून घेते आणि यातलं कितीतरी काढता येत नाही, पण ते ऐकल्याशिवाय पेन्सिल चालतच नाही.

एका माणसाने आपल्या आईचं चित्र न्यायला आल्यावर काच पुसली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "बोलायच्या आधी अशीच बघायची." मग त्याने तिचं नाव घेतलं, आई नाही म्हणाला, नावाने हाक मारली. मी स्वयंपाकघरात गेले पाणी आणायला.

त्याच्यासाठी मी भुवईत किती केस काढले हे त्याला कळलंही नाही. त्याने झूम केलं नाही, कागद तिरका करून बघितला नाही. आणि तरी मला वाटतं की ते केस नसते, ती ओली कड नसती, कानाच्या पाळीला वर्षानुवर्षं जड कुड्या घालून पडलेलं ते लांबट भोक नसतं, तर त्याच्या तोंडून ती हाक आली नसती. म्हणून मी हे बारीक काम सोडू शकत नाही. पुष्कळ जण सांगतात, फोटोसारखंच काढायचं तर फोटो काय वाईट, जरा ब्रश मोकळा सोड, स्वतःचं काहीतरी घाल. चांगल्या मनाने सांगतात. पण फोटो सेकंदाच्या शंभराव्या भागात होतो आणि मग कुणी तो दोन सेकंद बघतं. एका बाईच्या कानाच्या पाळीकडे सबंध एक दिवस बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच बघायचं, हे मला दुसऱ्या कुठल्याच कारणाने करता आलं नसतं. माझ्या स्वतःच्या आईच्या कानाकडे मी असं कधी बघितलंय? मावशींच्या उजव्या भुवईत मध्येच एक जागा आहे जिथे केस उगवत नाहीत, लहानपणी चुलीपाशी भाजलेलं. चित्र करताना ती सापडली, मग गिरणीत विचारलं, तर त्यांच्या नवऱ्याला सुद्धा माहीत नव्हतं.

मग चुकतं कुठे? एवढं बघून काढलेला चेहरा लोकांपर्यंत जाताना त्यातली बाई कुठे गळून पडते? मला वाटतं आम्हीच लोकांना तसं बघायला लावतो. लेबलवर सगळ्यात आधी ग्रॅफाइट ऑन पेपर, मग साईज, कुणी कुणी तासही लिहितात. बोलतानाही आम्ही पेन्सिलींवर बोलतो, कागदावर बोलतो, कारण त्यावर बोलणं सोपं. बघणारा मग तेच बघतो. त्याला परीक्षकासारखं उभं केलं की तो परीक्षाच घेणार.

चित्र आता कुठे लावायचं यावरून मावशींकडे चर्चा चालू आहे. मी ते विकलं नाही, त्यांनाच दिलं. त्यांना गिरणीत पाहिजे, गल्ल्याच्या वर, सुनेचं म्हणणं घरात हॉलमध्ये, गिरणीत पिठाने आठ दिवसांत दिसायचं बंद होईल. काच बसवलीये, मागून टेपने सील केलंय, तरी पीठ कुठूनही शिरतं. मावशी म्हणतात, "पुसतो की रोज. मशीन पुसतो, त्यात काय."

पुढचं प्रदर्शन दिवाळीनंतर आहे आणि ग्रुपच्या मीटिंगमध्ये मी मांडलं की या वेळी लेबलवर नाव वर आणि मोठ्या अक्षरात, मग तो माणूस काय करतो ते, आणि पेपर-पेन्सिल सगळ्यात खाली बारीक. आणि ज्याचं चित्र त्याला उद्घाटनाला बोलवायचं, पहिल्या दिवशी, शेवटच्या दिवशी नाही. दोघं-तिघं लगेच हो म्हणाले. एकाचं म्हणणं, बघणाऱ्याला नाव कळून काय उपयोग, चित्र स्वतंत्र असतं. दुसरीचं म्हणणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं, ती म्हणाली माणसांना विचारलंस का, त्यांना नाव हवंय का? खरंय. म्हणून आता फिरून प्रत्येकाला विचारतेय. शिवणकाम करणाऱ्या ताई म्हणाल्या नाव घाला आणि खाली दुकानाचं पण घाला. रिक्षावाले दादा म्हणाले पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. रंकाळ्यावर सकाळी चालायला येणाऱ्या एका आजोबांनी मात्र नको म्हणून सांगितलं, चित्र लावा पण नाव नको. कारण मी विचारलं नाही. त्यांच्या चित्राखाली काय लिहायचं ते अजून ठरत नाहीये. वार्धक्य लिहिणार नाही एवढं नक्की.